पहिला हात

तिने दोरा दाताने तोडला, सुईत एकेरीच ओवला आणि साहेबांच्या नव्या कोटाची उजवी खांदपट्टी मांडीवर ओढली. या पट्टीखालून सोनेरी गोफ जायचा होता. बोटभर जाडीचा, काखेखालून वळसा घेऊन छातीवर लोंबणारा. पथकाच्या नियमावलीत असल्या गोफाचा कुठे उल्लेख नव्हता. साहेबांनी तो स्वतःच कुठून तरी पैदा केला होता आणि कोट टाकून जाताना बजावलं होतं, की उद्या पथकाच्या मैदानावरच्या कार्यक्रमात पाहुण्यांसमोर खांदा कसा भरलेला दिसला पाहिजे.

खिडकीशी सासूबाई डब्यातली बटणं निवडत बसल्या होत्या. चाळीस वर्षं शिवण केलेली बाई. डोळे अधू झाले होते, पण सुनेचा हात किती वेळाने वर येतो त्यावरून त्यांना टाका कळायचा.

“कच्चे टाके घालतेस?”

तिने पुढचा टाका आणखी लांब घातला.

“कोणाचा कोट ते मी विचारत नाही,” सासूबाई म्हणाल्या. “पण कच्चा टाका आपल्याला पाहिजे तेव्हा सुटत नाही गं. त्याला पाहिजे तेव्हा सुटतो.”

पथक होतं प्रथमोपचार आणि ॲम्ब्युलन्सचं, तेही स्वयंसेवकांचं. म्हणजे पगार नाही, आणि म्हणूनच की काय, हुद्दे मात्र भरपूर. आठवडाभर कोणी पोस्टात शिक्के मारायचं, कोणी शाळेची बस चालवायचं, आणि रविवारी गणवेश चढवला की हीच माणसं एकमेकांना सॅल्यूट ठोकायची. प्रमुखसाहेबांचं फर्निचरचं दुकान होतं. दुकानात गिऱ्हाइकापुढे कमरेत वाकणारा हा माणूस पथकाच्या दारातून आत शिरला की आधी खांदे यायचे, मग तो. ड्रायव्हरकाकांनी त्यांचं नाव खांदेसाहेब ठेवलं होतं. अर्थात पाठीमागे.

ती पथकाचे गणवेश शिवायची, म्हणून टेलरबाई. पण तेरा वर्षं ती रुग्णही उचलत होती, आणि त्यातली नऊ वर्षं तिच्या खांद्यावर दोन पट्ट्या होत्या. आता एकही नव्हती.

पथकाच्या भिंतीवर एक नियम रंगवलेला आहे, सगळ्यांत जुना. ज्याचा हात पहिला, रुग्ण त्याचा. जागेवर आधी पोचून जो रुग्णाला हात लावेल, त्याच्या शब्दाशिवाय रुग्ण हलवायचा नाही, मग मागून प्रमुख येवो नाहीतर प्रमुखाचा बाप. त्याने स्वतः ‘दिला’ म्हटलं की मगच दुसऱ्याने घ्यायचा. दोन वर्षांपूर्वी वळणावर एक मोटरसायकलवाला मुलगा पडला, तेव्हा पहिला हात तिचा होता. गुडघे टेकून तिने त्याचं डोकं दोन्ही तळव्यांत धरलं होतं. मागून साहेब आले. गर्दी जमली होती, कोणीतरी फोटो काढत होतं. साहेबांनी तिला विचारलंच नाही. “उचला” म्हणाले, आणि तिच्या तोंडून “थांबा” निघेपर्यंत तिघांनी धड उचललंही होतं. मान वळली ती तिला तळव्यांत कळली. त्या मुलाचा डावा हात कायमचा लुळा पडला.

साहेबांनी अहवालात कारणापुढे दोन शब्द लिहिले: हात सुटला. कोणाचा, ते पुढच्या ओळीत होतं.

तिच्या पट्ट्या काढल्या गेल्या, म्हणजे तिनेच उसवून दिल्या. दुसऱ्या कोणाला उसवायला तरी येत होतं का? फळ्यावर चिठ्ठी लागली: मदतनीस, रुग्णाचे डोके धरण्यास अपात्र. खाली साहेबांची झोकदार सही. तेव्हापासून ती स्ट्रेचरच्या चादरी धूत होती. तेही तिने गिळलं असतं. पण त्या मुलाची आई पूर्वी तिच्याकडे कपडे शिवायला टाकायची, ती आता तिला बघून रस्ता ओलांडू लागली. एकदा ओलांडायला जमलं नाही, दोघी समोरासमोर आल्या, आणि त्या बाईने फक्त तिच्या हातांकडे बघितलं. तोंडात मारली असती तर बरं झालं असतं. तेव्हापासून साहेबांचं नाव निघालं की तिच्या बोटात सुई जायची.

आणि ती मागत तरी काय होती? मुंडकं नाही, फजिती. सॅल्यूटसाठी उजवा हात वर जाईल, टाके उसवतील, गोफ घसरून कोपरावर येईल आणि अडीचशे माणसं फिदीफिदी हसतील. तिने शेवटची गाठसुद्धा मारली नाही.

दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला साहेबांनी मैदानावर सॅल्यूट केला. टाके टिकले. दुसऱ्या पाहुण्याला केला, तरी टिकले. ती मागच्या रांगेत चादरींची चवड घेऊन उभी होती, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला स्वतःच्या शिवणीचा संताप आला.

शेवटचं प्रात्यक्षिक शिडीचं होतं. मैदानाच्या टोकाला लोखंडी सांगाडा उभा केला होता, त्यावरून कापसाचा पुतळा खाली आणायचा. पोस्टात शिक्के मारणाऱ्या उपप्रमुखाने महिनाभर त्याचा सराव केला होता. ऐनवेळी साहेबांनी त्याला बाजूला सारलं. अठ्ठावन्न वय, गुडघे कुरकुरत असलेले, तरी म्हणाले मीच चढतो. उपप्रमुखाने निदान कमरेचा दोर तरी बांधा म्हणून विनवलं, तर म्हणे कोट चुरगळेल.

पुतळा खांद्यावर घेऊन ते अर्ध्यापर्यंत उतरले. टाळ्या सुरू झाल्या. साहेबांनी शिडीवरूनच लोकांकडे उजवा हात हलवला, आणि त्याच क्षणी पट्टी सुटलेली तिला दिसली. गोफ घसरला, कोपराशी फासासारखा उघडा राहिला आणि हात खाली येताना शिडीच्या बाजूच्या हुकात जाऊन बसला. साहेबांच्या ते गावीही नव्हतं. ती ओरडायला गेली, पण ‘थांबा’ हा शब्द आजही तिच्या तोंडून वेळेत निघाला नाही. हातातल्या चादरी टाकून ती पळत सुटली.

ती निम्म्या मैदानात पोचली तेव्हा साहेबांनी हात ओढला. गोफ आला नाही. त्यांनी हिसका दिला, पाय निसटला, आणि ते दहा फुटांवरून खांद्यावर आणि मानेवर आदळले. मग सगळे धावले. तोवर तिने गुडघे टेकले होते, कोपरं जमिनीला लावली होती आणि साहेबांचे दोन्ही कान तिच्या तळव्यांखाली होते.

“उठवा मला,” साहेब म्हणाले.

“हलू नका. रुग्ण माझा आहे.”

त्यांचे डोळे वर तिच्या तोंडाकडे वळले. दोन वर्षांत त्यांनी तिच्याकडे इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. ओठ पांढरे पडले होते. मग फक्त तिला ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले, “बाई, बोटं कळत नाहीत मला. पाय पण नाही.”

उपप्रमुख धापा टाकत पोचला. त्याने तिला बघितलं, आजूबाजूच्या पाहुण्यांना बघितलं आणि त्याला फळ्यावरची चिठ्ठी आठवली. तो वाकून म्हणाला, की टेलरबाई, तुम्हाला बंदी आहे, सरका, मी धरतो.

ती सरकली नाही. तिने खाली साहेबांकडे पाहिलं आणि आवाज चढवून, अगदी स्पष्ट विचारलं, “साहेब, उपप्रमुख म्हणतात माझा हात सुटतो. देऊ का तुमचं डोकं त्यांच्याकडे?”

“नको,” साहेब म्हणाले. “सोडू नका.”

“का? दोन वर्षांपूर्वी सुटला होता ना?”

 साहेबांची जीभ ओठांवरून फिरली. तिने तळवे तसूभरही हलवले नाहीत. हलवायची गरज नव्हती. ते तिथे आहेत एवढं साहेबांना कळणं पुरेसं होतं.

“सुटला नव्हता.”

“मोठ्यानं बोला. मागे ऐकू जात नाही.”

“बाईंचा हात सुटला नव्हता,” साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला. “त्यांना न विचारता मी उचलायला लावलं. मीच.”

उपप्रमुखाने मान खाली घातली आणि तो लांब फळी आणायला गेला. तिला काय वाटलं? गोड वाटलं. खोटं कशाला बोला, गुळाचा खडा जिभेवर ठेवल्यासारखं गोड वाटलं. साहेबांच्या डोळ्यांतून पाणी ओघळून तिच्या बोटांत आलं, तरी ते गोडच राहिलं.

मग ड्रायव्हरकाका कात्री घेऊन बसले. मानेला पट्टा बांधायचा तर कोट कापायला हवा होता. डावी बाजू त्यांनी चरचर कापली. उजव्या खांद्याला कात्री लावायला गेले तर पट्टी आपोआप हातात आली, लांब लांब टाक्यांचा दोरा लोंबत असलेली.

“ही तर आधीच सुटली होती,” काका म्हणाले.

“माझ्या खिशात टाका,” ती म्हणाली. “नंतर बघते.”

काकांनी टाकली. ते बस चालवणारे. त्यांच्या लेखी टाका म्हणजे टाका.

ॲम्ब्युलन्समध्येही ती तशीच वाकून होती. हॉस्पिटलच्या दारात नर्सने तिच्या हातांवर हात ठेवून डोकं घेतलं, तेव्हा ती “दिला” म्हणाली, पण बोटं उघडेनात. नर्सला ती एकेक करून सोडवावी लागली.

दुपारपर्यंत निदान झालं. मानेचे दोन मणके चिरले होते, आतला मज्जारज्जू शाबूत होता. बोटांना हळूहळू कळू लागलं होतं. तरुण डॉक्टरीणबाई साहेबांना म्हणाल्या, की मान एवढीशी जरी वळली असती तरी उरलेला जन्म खाटेवर गेला असता. ज्याने डोकं धरलं, त्याचे आधी पाय धरा.

साहेबांनी तिला आत बोलावलं. खाटेवर ते छताकडे तोंड करून पडले होते, हनुवटीपर्यंत पट्ट्यात. कोट नव्हता. उघडे खांदे चांगलेच उतरते निघाले. फळ्यावरची चिठ्ठी काढायला सांगितलंय म्हणाले, आणि मागचा अहवाल दुरुस्त करून सही करीन, पेन धरता आलं की. तिने मान हलवली. ती त्यांना दिसली नसणार.

“आणि आजचा अहवाल तुम्हीच लिहायचा,” ते म्हणाले. “पहिला हात तुमचा. माझ्यासारखं तुम्ही काही खोटं लिहिणार नाही.”

बाहेरच्या बाकावर ती कागद घेऊन बसली. ड्रायव्हरकाका शेजारी येऊन टेकले. ते खुशीत होते. बातमी गावभर झाली, म्हणाले. त्या मुलाच्या आईपर्यंतसुद्धा गेली. उद्या सकाळी तुमच्या घरी येते म्हणाल्या, तुमचे हात हातात घेऊन माफी मागायचीय त्यांना.

तिने तारीख लिहिली. वेळ लिहिली. रुग्णाचं नाव, पहिला हात कोणाचा, किती वेळ धरलं, सगळं नीट अक्षरात. मग अपघाताच्या कारणाची ओळ आली, आणि पेन तिथे थांबलं. समोरच्या भिंतीशी कोणीतरी फरशी पुसत होतं. पुसणारी कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आली, तरी पेन तिथेच होतं.

तिने लिहिलं: पाय घसरला.

काकांनी साक्षीदार म्हणून खाली सही केली. पेन परत देताना ते म्हणाले, “एक विचारू का, बाई? ते पडायच्या आधीच तुम्ही पळालात. मी बघितलं. तुम्हाला कळलं कसं?”

“सवयीनं,” ती म्हणाली.

कागदाची घडी घालून तिने खिशात हात घातला. पट्टीचा दोरा बोटाला लागला. तिने आतल्या आतच त्याचं टोक ओढलं, तर सगळा दोरा एका दमात निघून आला. कुठे गाठ नव्हतीच.