पाइपावरचे सात टोले

मी एक जुनी काठी आहे. पण मित्रांनो, मला नुसती काठी म्हणू नका हं, राग येतो मला. मी दुकानाचं शटर ओढायची काठी आहे. साडेचार फूट उंच, अंगानं सागाची, डोक्यावर लोखंडी आकडा. माझा आकडा एका लोहारानं घडवला आणि एका सुतारानं तो दांड्यावर बसवला. बसवताना दोघं भांडत होते. लोहार म्हणे दांडा वाकडा, सुतार म्हणे आकडा वाकडा. माझ्या स्वभावात जो तिरसटपणा आहे, तो तेव्हापासूनचाच असावा.

मला विकत घेतलं ते घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका गृहस्थांनी. सगळे त्यांना घड्याळकाका म्हणत. दुकान एवढंसं, पण शिस्त केवढी! सकाळी नऊला मी शटर वर ढकलायची आणि संध्याकाळी सातला खाली ओढायची. एकतीस वर्षं हेच. शटरचा आवाज ऐकून समोरचा शिंपी आपलं घड्याळ लावायचा. महिन्यातून एकदा काका माझ्या आकड्यावर तेलाचा बोळा फिरवत आणि म्हणत, "ही आहे म्हणून दुकान वेळेवर उघडतं." काय रुबाब होता माझा तेव्हा!

पुढे काकू गेल्या. लोकांनीही घड्याळं दुरुस्त करणं सोडून दिलं. दुकान बंद झालं. शटर काही घरी नेता येत नाही, मला नेता आलं. दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत काका एकटेच राहू लागले. खिडकीपाशी टेबल मांडून ते अजूनही कुणाकुणाची जुनी घड्याळं उघडून बसत. मला त्यांनी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, पाण्याच्या लोखंडी पाइपाशेजारी उभं केलं आणि साफ विसरून गेले. दोन वर्षं माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. कोळ्यानं माझ्या आकड्याला संसार थाटला.

मग वरच्या मजल्यावर एक कुटुंब राहायला आलं, आणि शांततेचा बट्ट्याबोळ झाला.

सकाळी मिक्सर घरघरायचा. शाळेतून आली की आठ वर्षांची मुलगी दोरीवरच्या उड्या मारायची, धप धप धप. आणि दिवसातून सहा-सात वेळा कुणीतरी एक खुर्ची या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत न्यायचं, खरर... खरर... "रोज उठून कसलं सामान हलवतात हे लोक?" काका करवादायचे. एकदा त्यांच्या चिमट्यात घड्याळाची केसासारखी स्प्रिंग होती. नेमकी तेव्हाच खुर्ची खरखरली, हात हलला आणि स्प्रिंग उडून कुठे गेली ती गेलीच. काका तणतणत उठले, मला उचललं आणि पाइपावर आकडा हाणला.

टण्ण!

तोच पाइप सरळ वरच्या स्वयंपाकघरात जातो. वर एकदम चिडीचूप. काका खूश झाले. आणि खरं सांगते, मीही हरखले. दोन वर्षांनी मला काम मिळालं होतं!

काकांची मुलगी दुसऱ्या गावी असते. तिचा फोन आला की ती म्हणायची, "बाबा, एकदा वर जाऊन माणसासारखं बोला ना."

"कशाला? जिने चढा, हसा, चहा प्या, मग मुद्द्यावर या. इथं एका टोल्यात काम होतं," काका म्हणायचे. आणि हा शहाणपणा कोपऱ्यातल्या मलाही पटायचा.

काका पडले घड्याळवाले. त्यांनी टोल्यांचीसुद्धा पद्धत बसवली. एक टोला म्हणजे मिक्सर बंद. दोन म्हणजे दोरी बंद. तीन म्हणजे ती खुर्ची बंद. वरच्यांनीही ते चारच दिवसांत ओळखलं. पाइपाला टेकून उभी असल्यामुळे वरचं बोलणं मला अंधुक ऐकू यायचं. "दोन वाजले गं, दोरी ठेव," असं वरची बाई लेकीला हळूच सांगायची. जिन्यात तीच बाई समोर आली की काका मनगटावरचं घड्याळ बघत पुढे जायचे. वर्षभरात एक शब्द बोलले नाहीत.

सुट्टीचे दिवस होते. सकाळचे अकरा वाजले असतील. काका चहाचा डबा काढायला स्टुलावर चढले. स्टूल सरकलं आणि ते धाडकन फरशीवर आदळले. उठायला गेले तर पाय हलेना. चेहरा पांढराफटक पडला. फोन पलीकडच्या खोलीत, टेबलावर. हाका मारायला तोंड उघडलं, पण कळेनं आवाजच फुटेना. हाताला लागण्यासारखी एकच वस्तू होती. मी.

त्यांनी मला कसंबसं खेचलं आणि झोपल्या झोपल्या पाइपावर टोले घातले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सात.

"आई, सात टोले!" वर मुलगी म्हणाली. "सातचं काय असतं गं?"

"सगळंच बंद करा म्हणत असतील. ठेव ती दोरी. सासूबाई, तुम्ही पण बसा जरा."

मिक्सर थांबला. दोरी थांबली. खुर्ची थांबली.

काकांनी पुन्हा टोले दिले. वर कुणीतरी नळ बंद केला. पुन्हा दिले, तर "चपला काढ गं पायातल्या" असं कुजबुजणं ऐकू आलं. आम्ही जेवढं ओरडू, तेवढे ते बिचारे गप्प होत होते! शिकवलंच होतं ना आम्ही त्यांना तसं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वर्षभर मी शांतता मागत होते, आणि त्या दिवशी मला ती पोटभर मिळाली.

एक तास गेला. काकांचा हात गळून पडला. ओठ कोरडे पडले. वर छताकडे बघत ते पुटपुटले, "अरे, काहीतरी वाजवा रे..." माझ्या एकतीस वर्षांच्या नोकरीत मी त्यांना असं कधी पाहिलं नव्हतं. आपला माणूस असा पडलेला, आणि मी हातात असून उपयोग शून्य. लाकडाला रडता येत नाही, नाहीतर मी रडले असते.

मग त्यांनी उरलीसुरली ताकद एकवटली आणि मला पाइपावर असं काही बडवलं, की माझा दांडा चिरला.

आणि वर त्या बाईचा संयम सुटला.

"आता काय, श्वास पण घ्यायचा नाही का आम्ही? बस्स झालं! आज सोक्षमोक्षच लावते!"

जिन्यावर तिच्या चपला फटाफट वाजत आल्या. त्या आवाजाइतकं गोड मी आजवर काही ऐकलेलं नाही.

"काका, दार उघडा!" तिनं दारावर थाप मारली. "तासभर पाय पोटात घेऊन बसलोय आम्ही! सासूबाईंना उठायचंय, पण तुमच्या धाकानं उठत नाहीत. गुडघे गेलेत त्यांचे, ती खुर्ची पुढे सरकवत चालतात त्या. त्यांनी चालू पण नये का? आणि तरी तुमचं टण् टण् चालूच!"

आत काकांनी डोळे मिटून घेतले. मग क्षीण आवाजात म्हणाले, "पडलोय गं."

ती धावत स्वयंपाकघराच्या खिडकीशी आली. ही खिडकी गॅलरीत उघडते, आणि घराचं दारही स्वयंपाकघरातच, तिला लागून आहे. गजांमधून तिनं आत पाहिलं. "अगं बाई! काका!" भांडण विसरून तिनं दार ढकललं. दाराला आतून कडी होती. गजांतून हात घातला तर पुरेना. "ती काठी द्या इकडे. जमेल का? सावकाश द्या."

काकांनी मला वर सरकवलं. जिच्या डोक्यावर मी वर्षभर टोले घातले, तिच्याच हातात मी होते. हात ओला होता. दोनदा माझा आकडा कडीवरून निसटला. तिसऱ्यांदा तिनं ओढली आणि दार उघडलं. तिनं आधी काकांच्या तोंडात पाणी घातलं, मग नवऱ्याला फोन केला, मग अँब्युलन्सला. गाडी येईपर्यंत ती फरशीवर काकांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"सासूबाईंना सांग," काका म्हणाले, "चाला म्हणावं. पाहिजे तेवढं चाला." आणि त्यांना रडू कोसळलं. तिला वाटलं, पाय दुखतोय.

खुब्याचं हाड मोडलं होतं. दोन महिन्यांनी काका घरी आले ते चार पायांचा वॉकर घेऊन. आता वरून रोज डबा येतो, मुलगी दोरी गळ्यात अडकवून गप्पा मारायला येते. दाराला दिवसा कडी नसते. माझ्या चिरेवर काकांनी तार गुंडाळली आहे, पण पाइपापाशी मला पुन्हा उभं केलं नाही. मी दारामागे असते. काम नाही, पण तक्रारही नाही.

मित्रांनो, शेजाऱ्यांचा त्रास झाला तर मुळीच सोसू नका. जरूर सांगा. पण आमच्यासारख्या मुक्या वस्तूंच्या हातून निरोप धाडू नका. आम्हाला फक्त वाजता येतं. काय म्हणायचंय ते माणसाच्या तोंडानंच सांगावं लागतं.

परवाचीच गोष्ट. काका वॉकर घेऊन घरातल्या घरात फेऱ्या मारत होते. वॉकर फरशीवर खरर... खरर... करत होता. इतक्यात खालून आवाज आला. ठक! ठक! ठक!

पहिल्या मजल्यावर नवे मास्तर राहायला आलेत. त्यांनी छताला झाडूचा दांडा हाणला होता.

काका जागच्या जागी थांबले. मला वाटलं, आता चिडणार. पण ते हळूहळू खिडकीशी गेले, खाली वाकले आणि हाक मारली, "अहो मास्तर! टोले कळत नाहीत हो मला. वर या. भांडायचं तर भांडा, पण समोर बसून भांडा. दार उघडंच आहे!"

खाली एक दार करकरलं आणि जिन्यावर पावलं वाजू लागली. रागातलीच होती, पण वर येत होती.