दाईं की डावी

सुधाकर वानखेडे म्हणजे चिवट गडी. सरकारी खात्यात चौतीस वर्षं नकाशे काढलेले, त्यामुळे एखादी रेघ चुकली तर ती का चुकली हे कळेपर्यंत जेवण गोड लागायचं नाही. आणि असा माणूस आता फरीदाबादच्या एका इस्पितळात, रबरी पोटाच्या पुतळ्यासमोर बसून रोज चुकत होता.

त्यांच्या बायकोच्या, इंदुमतीच्या, दोन्ही किडन्या थकल्या होत्या. पिशवीतलं औषधी पाणी नळीने पोटात सोडायचं, काही तासांनी ते काढून नवं भरायचं, हे दिवसातून चारदा घरीच करता येतं. तिची बोटं थरथरत, म्हणून शिकायचं यांनी. शनिवारी सिस्टरसमोर नऊ पायऱ्या बिनचूक केल्या तर इंदुमती घरी येणार. नाहीतर आठवड्यातून तीनदा इस्पितळातलं मशीन, आणि त्यावरून उठल्यावर तिला चमचा उचलायचंही त्राण नसे.

सिस्टर भली, पण बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. "हाथ धोइए, मास्क, थैली की तारीख, टोपी हटाइए, अब दाईं नली। अंकल, दाईं!"

दाईं म्हणजे उजवी, पण अंकल डावी उघडत. म्हणजे जुनं पाणी निघायच्या आधीच नवं आत.

तीन दिवस असं झाल्यावर सुधाकररावांनी शिकणं बाजूला ठेवलं आणि वहीत स्वतःच्या चुकांचाच नकाशा काढला. अठरा वेळा केलं, अकरा वेळा चुकलं, आणि अकराही वेळा पाचव्याच पायरीवर. सिस्टरने नुसती ती नळी विचारली तर उत्तर बरोबर. आधी चार गोष्टी लावल्या की हात डावीकडे. हा काय प्रकार आहे बुवा?

मग त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. कानावर येत होतं दाईं, हात ऐकत होता डावी. दिल्लीत आल्यापासून ऑटोवाल्यांना दाएं-बाएं सांगितलं, एकदाही घोळ झाला नाही. पण डोकं गच्च भरलं की हिंदी गळते आणि हात मूळ गावचा, अकोल्याचा होतो! स्वतःच्या डोक्याची त्यांना भारी गंमत वाटली.

त्यांनी नळ्यांवर चिकटपट्ट्या लावल्या आणि मराठीत लिहिलं, "जुनं" आणि "नवं". शिवाय सिस्टरला सांगितलं, एका वेळी तीनच पायऱ्या, मग पाच मिनिटं खिडकीशी उभं राहणार. ती हसली, पण हो म्हणाली. त्या दिवशी दहातले सात बरोबर आले.

तीन मात्र चुकलेच. दाईं नाही, घाई नाही, मग अजून काय भरलंय? शुक्रवारी संध्याकाळी ते बायकोच्या पलंगाशी बसून वहीकडे टक लावून बघत होते.

"काय शोधताय एवढं?" इंदुमतीने विचारलं.

"दहावी पायरी. पायऱ्या नऊच आहेत, पण मी दहा धरून बसलोय असं वाटतं."

"मग सांगा ना दहावी कुठली ती."

त्यांनी वहीतल्या पाचव्या पायरीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "माझ्या हातून काही चुकलं आणि तू गेलीस तर? पाचव्या पायरीला नळी उघडायची असते ना, तिथे हेच डोक्यात येतं. मला फार भीती वाटते, इंदू."

इंदुमतीने त्यांच्या हातातली वही घेतली आणि मिटली. "ही एक माझ्याकडे द्या. माझं मरण माझं मी बघते. तुम्ही पिशव्या बघा."

शनिवारी सिस्टर हातात कागद घेऊन उभी राहिली. हात, मास्क, तारीख. खिडकी. नळीची टोपी. आणि पाचवीला सुधाकररावांनी "जुनं" उघडलं. पुढच्या चारही सरळ झाल्या. सिस्टरने सही केली.

घरी जाताना टॅक्सीत इंदुमती काचेतून बाहेर बघत होती. दिल्लीच्या वेशीवरच्या बदरपूरच्या जरा अलीकडे तिने नवऱ्याचं मनगट घट्ट धरलं.

"जड आहे हो ही दहावी," ती म्हणाली.

"मग अर्धी दे इकडे."