पुलाच्या तोंडाशी आडवे तात्या

आमच्या कॅनॉलवर इंग्रजांच्या अमदानीतला दगडी पूल होता. शंभर वर्षांत त्याला काही झालं नाही, हाच त्याचा गुन्हा. नवा बांधायचा तर जुना पाडायला हवा, म्हणून पाडला. त्या जागी सिमेंटचा पायी पूल आला, इतका अरुंद की समोरून म्हैस आली तर माणसानं मागं फिरावं.

पूल डिसेंबरातच तयार झाला. पण सरपंच कुंडलिकतात्या ज्यांना साहेब म्हणत, त्या पुढाऱ्याला नारळ फोडायला सवड मिळेना. मग दोन हजार चारची निवडणूक लागली आणि आचारसंहितेत उद्घाटन अडकलं. तोवर पुलावर पाय ठेवायचा नाही, असा तात्यांचा हुकूम. अख्खी वाडी मुकाट्यानं कोरड्या कॅनॉलमधून ये-जा करायची. आमच्यासारखी शहाणी माणसं शोधून सापडायची नाहीत.

दहावीच्या पहिल्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी कॅनॉलला पाणी सुटलं. सकाळी मेंढरंवाल्या तुकाबाईची पोरगी सुप्रिया काठावर येऊन उभी राहिली, मागं मेंढरं घेऊन तुकाबाई. पलीकडं नारायणगावची एस.टी. यायची वेळ झालेली. ती चुकली की पेपर चुकला.

तात्यांना कुणकुण लागलीच. ते कडक इस्त्रीच्या कपड्यांत आले आणि पुलाच्या तोंडाशी चक्क आडवे झाले. पूल अरुंद, तात्या रुंद. आडव्या माणसाला ओलांडायचं नसतं, वडीलधाऱ्याला तर नाहीच, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"ओलांड की," ते म्हणाले. "बघू, आईनं काय शिकवलंय."

मला असा संताप आला! पण काठावर जमलेल्या सगळ्यांसारखा मीही नुसता बघतच राहिलो. पोरीचे डोळे भरले. पलीकडं एस.टी.चा हॉर्न वाजला. तशी ती वाकली आणि तिनं तात्यांच्या पायांवर डोकं टेकवलं.

"तात्या, पेपरला चाललीय. आशीर्वाद द्या."

जन्माची सवय! तात्यांनी झटकन पाय आखडून घेतले, हात वर केला, तोंडातनं "यशस्वी हो" निघूनही गेलं. पाय होते तेवढी वाट मोकळी झाली. सुप्रिया त्यातनं सुसाट पळाली आणि तिला एस.टी. मिळाली.

तिच्या मागोमाग तुकाबाईनं पुलावर मेंढरं घातली. तात्या कठड्याला चिकटून बसले.

"आगं तुकाबाई, आता सायबाला मी काय सांगू? नारळ न्हाई, फीत न्हाई!"

"सांगा, पूल लई झ्याक चालतोय," तुकाबाई म्हणाली. "त्यांना यायचं आसंल तर खुशाल येऊ द्या. मेंढरांच्या मागनं या म्हणावं."