बसका ठिपका

तिने टॉर्च पाटीला जवळजवळ टेकवून आडवा धरला. उजेड असा तिरपा पडला, की प्रत्येक ठिपक्यामागे सावलीची बारीक शेपटी उमटते आणि ब्रेल डोळ्यांनी वाचता येतं. तीन, शून्य, सात. तिने टॉर्च खालून धरून पाहिला, मग वरून. सातातले चारही ठिपके जागेवर होते.

"दिसले ना?" मागे उभ्या असलेल्या आर्किटेक्टने विचारलं.

"दिसले."

"चार?"

"चार."

त्याने सुस्कारा सोडला. पण त्यात जिंकल्याचा सूर नव्हता. तिसरा मजला अजून रिकामा होता. खुर्च्यांवरचं प्लास्टिक निघालं नव्हतं, भिंतींना ओल्या रंगाचा वास होता. दवाखान्याची ही नवी इमारत पुढच्या आठवड्यात उघडायची होती. लिफ्ट बोलत होती, उताराचे कठडे बसले होते, जिन्याच्या तोंडाशी पायाला लागणाऱ्या उठावाच्या फरश्या होत्या. एकसष्ट ब्रेल पाट्यांपैकी साठ पास होत्या. सगळं अडलं होतं तिच्या हातातल्या कागदावरच्या एका ओळीपाशी: 'खोली ३०७. सातातला पहिला ठिपका बसका. सात शून्यासारखा लागतो.'

ओळ तिच्या वडिलांची होती. त्यांनी सांगितली, तिने टाइप केली. त्यानंतर तीन आठवड्यांनी ते गेले, त्यालाही आता दीड महिना होत आला.

ते जन्मापासून आंधळे. सव्वीस वर्षं त्यांनी हेच काम केलं: इमारत उघडण्याआधी तिच्या पाट्यांवरून बोट फिरवायचं आणि आंधळा माणूस इथे कुणाला न विचारता पोहोचेल का, ते सांगायचं. शेवटची नऊ वर्षं ती त्यांच्याबरोबर जात होती. ते बोलायचे, ती लिहायची. अहवालावर सह्या दोघांच्या असायच्या.

"ताई, मी काकांना किती मानायचो, तुम्हाला माहीत आहे," आर्किटेक्ट म्हणाला. "माझ्या पहिल्या इमारतीला चाळीस शेरे दिले होते त्यांनी. चाळीस! पाट्या दारांवरच लावल्या होत्या मी. तर मला दारासमोर उभं केलं, म्हणाले, वाचा. मी वाकलो, आणि आतून यांनी सांगून ठेवलेल्या माणसाने धाडकन दार उघडलं."

"नाकाला लागलं होतं तुमच्या."

"सुजलं होतं! वर मलाच म्हणतात, आता कधी विसरणार नाही, पाटी कडीच्या बाजूच्या भिंतीवर." त्याने नकळत नाकाला हात लावला. "आणि मी लावलेले ते सपाट छापील ठिपके? म्हणाले, 'हा ब्रेलचा फोटो आहे. फोटोतला चहा आधी तुम्ही पिऊन दाखवा, मग मी पास करतो.'"

ती हसली. या दीड महिन्यात बाबांबद्दल बोलताना कुणी तिला हसवलं नव्हतं.

मग त्याने हातातली फाइल उघडली आणि एक पान तिच्यापुढे धरलं. ते तिच्याच अक्षरात होतं. पहिल्या फेरीचं टिपण. तिसरा मजला. ३०५ ठीक. ३०६ ठीक. ३०७ ठीक.

"त्या दिवशी त्यांनी ती पाटी पास केली होती," तो हळू आवाजात म्हणाला. "तुमच्यादेखत. मग दोन आठवड्यांनी घरी बसून हा शेरा कुठून आला? मी म्हणत नाही की… त्यांची साखर… म्हणजे बोटांचं…"

त्याने वाक्य तिथेच सोडलं.

त्याने ते पुरं करायची गरज नव्हती. गेल्या वर्षभरात बाबांनी ब्रेलचं मासिक उघडलं नव्हतं. 'तूच वाच, तुझ्या आवाजात बरं वाटतं,' म्हणायचे. चहाचा कढत पेला हातात धरून बसायचे, आणि आईच ओरडायची, अहो, भाजेल! शर्टाचं बटण लावायला त्यांना वेळ लागू लागला होता. डॉक्टर म्हणाले होते, आधी पावलं बधिर होतात, मग बोटं. बाबांनी ते ऐकून मान हलवली होती, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलणं चाललं असावं तशी. तिला सगळं दिसत होतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं. कसं विचारायचं? गवयाला कसं विचारायचं, की तुमचा गळा गेलाय का?

शेवटच्या आठवड्यात दवाखान्यातल्या खाटेवर त्यांनी तिचा हात ओढून ओठांपाशी नेला होता. असलं काही करणारा माणूस नव्हता तो. ती गोंधळली. 'पाणी हवंय का, बाबा?' तिने विचारलं आणि चमच्याने पाणी पाजलं. त्यांनी ते निमूट घेतलं.

"एवढी ओळ तुम्ही काढून टाका," आर्किटेक्ट म्हणाला. "खाली सही करा. त्यांचं नाव जसंच्या तसं राहील. कुणाला काही कळायचं कारण नाही."

तिने पर्सवर हात ठेवला. पर्समध्ये एक पत्र होतं, आदल्या दिवशी टाइप केलेलं. ठिपके चारही दिसले तर ते द्यायचं, असं ठरवूनच ती आली होती. ३०७ ला बोट चुकलं असेल तर बाकीच्या साठ पाट्या ठीक आहेत हे तरी कशावरून? ओळ काढून भागणार नव्हतं. बाबांचा अख्खा अहवाल मागे घ्यायचा, दुसऱ्या तपासनिसाकडून सगळं पहिल्यापासून करून घ्यायचं. बाबांनीच शिकवलं होतं: पाटी खोटी बोलली तर आंधळ्या माणसाला कळत नाही की खोटं कोण बोललं; तो स्वतःलाच दोष देतो. त्यांच्या शेवटच्या कामावर तिनेच काट मारायची होती. तिने पर्सची चेन उघडली.

"बाजूला व्हा जरा, लादी ओली आहे. पडाल."

सफाईवाल्या मावशी बादली आणि पोछा घेऊन आल्या होत्या. साठीच्या आसपास, पदर कमरेला खोचलेला. त्यांनी बादली खाली ठेवली, तिच्या हातातला टॉर्च पाहिला, मग पाटी पाहिली.

"तुम्ही त्या पापीवाल्या काकांच्या कोण?"

"कोण काका?" आर्किटेक्ट दचकला.

"ते नाही का, पांढऱ्या काठीचे. काळा चष्मा. या पाट्यांच्या पाप्या घेत हिंडायचे ते."

तिने टॉर्च विझवला. मग म्हणाली, "मी त्यांची मुलगी."

"आई गं," मावशींनी जीभ चावली. "राग मानू नका हं, ताई. आम्ही आपलं आमच्यात तसं म्हणायचो. लई चांगला माणूस. बरे आहेत ना?"

"गेले."

मावशींनी पोछ्याचा दांडा भिंतीला टेकवला. ओला हात पदराला पुसला आणि तिच्या दंडावर ठेवला.

"पाप्या म्हणजे काय, मावशी?" तिने विचारलं.

"म्हणजे काय सांगू! सकाळी सातला मी कुलूप काढते. तर एक दिवस हे दाराशी उभे. म्हणाले, पाट्या तपासायच्यात. एकटेच. मी म्हटलं, तपासा. मी मागे जिना झाडतेय, आणि बघते तर काय, हे पाटीला तोंड लावून उभे! आधी पुसली रुमालाने, मग ओठ टेकवला, आणि असा इकडून तिकडे… सावकाश. मला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. सरळ विचारलं, काका, पाटीची पापी घेताय की काय?"

"मग?"

"हसले. म्हणाले, मावशी, बोटांनी राजीनामा दिलाय. आता ओठांना कामावर घेतलंय, नवीन आहेत, जरा वेळ लागतो."

आर्किटेक्टने फाइल मिटली.

"तीन सकाळी आले," मावशी सांगत होत्या. "खालपासून वरपर्यंत. प्रत्येक पाटी आधी पुसायची, मग ओठ, मग परत पुसायची. मी म्हटलं, परत कशाला पुसता? एकदा पुसली की. तर म्हणाले, उष्टी पाटी दुसऱ्याला कशी द्यायची?"

तीन सकाळी. 'पाय मोकळे करून येतो,' म्हणायचे. आणि आई तिकडे धुण्याच्या ढिगापुढे उभी राहून वैतागायची: सर्दी नाही, पडसं नाही, रोज इतके रुमाल कसले लागतात या माणसाला?

"मी म्हटलंसुद्धा," मावशी म्हणाल्या, "घरचं कुणी सोबत आणा, जिना आहे. तर म्हणाले, मुलीला कळलं तर ती मला घरी बसवेल. आणि तिचं बरोबरच असेल. पण एवढी इमारत होऊ दे. पहिल्या फेरीत मी नुसत्या अंदाजाने ठीक म्हणत गेलोय, ते तसंच ठेवून कसा जाऊ?"

मावशींनी ३०७ कडे बोट दाखवलं. "हिच्यापाशी तर चार वेळा आले. शेजारची बघायची, परत हिच्याकडे. मला म्हणाले, मावशी, इथे एक जण लपून बसलाय."

खाली कुठेतरी लिफ्टने स्वतःशीच मजल्याचा आकडा सांगितला.

तिने पर्समधून रुमाल काढला, ३०६ ची पाटी पुसली. मग डोळे मिटले आणि खालचा ओठ पाटीला टेकवला. पाटी गार होती. आधी नुसती खडबड लागली. ती थांबली, पुन्हा डावीकडून निघाली, बाबा आंधळ्या मुलांना ब्रेल शिकवताना सांगायचे तशी: घाई नाही, दाब नाही. हळूहळू खडबडीचे दाणे झाले, दाणे सुटे झाले. तिने पाटी पुन्हा पुसली आणि ३०७ पाशी गेली.

तीन. शून्य. मग दोन दाणे उजवीकडे, एक डावीकडे खाली. डावीकडे वर काहीच नाही. ती मागे आली, पुन्हा गेली. गुळगुळीत. पुन्हा शून्य.

डोळे उघडून तिने टॉर्च लावला. ठिपका होता. या पाट्यांत छिद्रं पाडून बारीक मणी ठोकून बसवतात. तो एक मणी जरा जास्त आत गेला होता. डोळ्याला पुरेसा, ओठाला नाही. आंधळ्या माणसाला ३०० क्रमांकाची खोली सापडली असती, आणि तशी खोली या इमारतीत नव्हतीच.

ती बाजूला झाली. आर्किटेक्टने एकदा मावशींकडे पाहिलं, एकदा रिकाम्या व्हरांड्याकडे. मग टाय खांद्यावर टाकला, खिशातला रुमाल काढून पाटी पुसली आणि वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

"तिसऱ्या ठिकाणीही शून्यच," तो उभा राहत म्हणाला. "दोन शून्यं आहेत."

"हो."

"बदलतो. उद्या." मग पाटीकडे पाहत, "एकसष्टच्या एकसष्ट केल्या त्यांनी? अशा?"

"तर काय," मावशी म्हणाल्या. "बायकांच्या संडासाचीसुद्धा. मला आधी आत बघून यायला लावलं, कुणी आहे का."

तो हसायला गेला आणि हसणं मध्येच राहिलं. त्याने ३०७ पुन्हा नीट पुसली, फाइल काखेत मारली आणि फोन कानाला लावत जिन्याकडे गेला.

तिने पर्समधलं पत्र न उघडता चौपट घडी घालून मावशींच्या कचऱ्याच्या पिशवीत टाकलं. शेरा होता तसा राहिला. त्याखाली तिने सही केली.

"बसा जरा," मावशी म्हणाल्या. "लादी वाळू दे."

ती प्लास्टिक घातलेल्या खुर्चीवर बसली. मावशींचा पोछा लांब जात गेला. बऱ्याच वेळाने तिने आपला उजवा हात उचलला आणि ओठांना लावला. करंगळी. तिच्याशेजारचं बोट, त्यावरची अंगठी. मग मधलं बोट, आणि त्याच्या कडेला पेन धरून धरून पडलेला घट्टा, नऊ वर्षांचा, टणक, चांगला वर आलेला.

त्या दिवशी खाटेवर बाबांनीही करंगळीपासूनच सुरुवात केली होती. अंगठीपर्यंत आले होते, तेवढ्यात तिने हात सोडवून घेतला होता, चमचा आणायला.