पुढचा डाव कोण मागणार?

माझ्या नातीला, टिकलीला, बुद्धिबळ मी शिकवलं. पुढे ती मला मागे टाकून गेली आणि स्वतःहून बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅमच लिहून बसली. तो विचार करायला फार वेळ लावतो म्हणून त्याचं नाव गोगलगाय.

शनिवारी सकाळी गोगलगायीची ऑनलाइन स्पर्धा होती. खेळणारे सगळे प्रोग्रॅमच. नियम कडक होता. स्पर्धा सुरू झाली की डावात शिरणं, खेळी करणं, समोरच्याने बरोबरी मागितली तर हो-नाही म्हणणं, सगळं प्रोग्रॅमनेच करायचं. माणसाने हात लावला की बाद. प्रोग्रॅम अडकून दोन डाव वाया गेले तरी बाद. टिकलीला बक्षिसाची हाव नव्हती. गोगलगाय शेवटच्या डावापर्यंत टिकावी, एवढंच तिने मनात धरलं होतं.

पहिला डाव गोगलगायीने जिंकला. टिकली मला टाळी देते आहे तोच पडद्यावर चौकोन उघडला : ‘पुढचा डाव खेळणार?’ खाली ‘हो’ आणि ‘नाही’. शेजारी घड्याळ उलटं धावू लागलं. गोगलगाय ढिम्म.

“अगं, दाब ना ‘हो’!” दारातून तिचा दादा म्हणाला.

“गप रे. मी नाही, तिने दाबायचंय.”

“मग सरावात कशी दाबायची?”

टिकलीचा चेहरा उतरला. “सरावात मीच दाबत होते. बिस्किट खाता खाता. लक्षातच नाही आलं माझ्या.”

“म्हणजे गोगलगायीचा एक हात तुझ्या खांद्याला होता,” मी म्हणालो.

“आजोबा, एकदाच दाबू? कुणाला कळणारे?”

“कुणालाच नाही. पण मग खेळतंय कोण, ते मला सांग.”

टिकली दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. घड्याळ संपलं, डाव गेला.

मधल्या सुट्टीत प्रोग्रॅम दुरुस्त करायला परवानगी होती.

“सरक, मी लिहून देतो,” दादा पुढे आला.

“तू आधी स्वतःचा गृहपाठ लिही!”

मी टिकलीला म्हटलं, “डोळे मीट. सरावाला बसलीस की तुझी बोटं काय काय करतात, ते एकेक करून सांग. घाई नको.”

ती हवेतच बोटं हलवू लागली. “मी गोगलगाय सुरू करते. मग ती खेळते. मग समोरच्याने बरोबरी मागितली की... अय्या! तेही मीच दाबते!”

दोन्ही गोष्टी तिने प्रोग्रॅममध्ये लिहून घातल्या आणि सुट्टी संपायच्या आत काम उरकलं.

सुट्टीनंतरचा तिसरा डाव पहिल्यासारखाच न विचारता सुरू झाला आणि त्यात समोरच्याने खरोखरच बरोबरी मागितली. गोगलगायीने ठसक्यात ‘नाही’ म्हटलं आणि थोड्याच वेळात मात खाल्ली.

“घ्या! मोठी आली शहाणी,” दादा हसला.

टिकलीचं लक्ष नव्हतं. चौकोन उघडला होता. क्षणभर तसाच राहिला आणि आपला आपण मिटला. पडद्यावर नव्या डावाचा पट मांडला गेला.

“मागितला! तिने मागितला!”

पहिली खेळी होईपर्यंत ती बघत उभी राहिली. मग खुर्ची सरकवून तिने माझा हात धरला. “चला आजोबा, बाहेर आपण दोघं खेळू. इथे आता आपलं काही काम नाही.”