फरशीवरचा माणूस

गयासचा पाय गेला तो वाळूजला, कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये. क्रेनला टांगलेली डाय, म्हणजे पत्र्याला आकार देणारा लोखंडी साचा, सुटली आणि उजव्या पायावर आली. बेशुद्ध होण्याआधी त्याला एवढंच दिसलं की बूट पार सपाट झालाय. शुद्ध आली तेव्हा तो क्रांती चौकाजवळच्या एका खासगी हॉस्पिटलात होता आणि डॉक्टर वाघचौरे खाटेशी उभे होते.

"गयासभाई, पाय नाही वाचवता आला," ते म्हणाले. "पण गुडघा वाचवलाय. गुडघा आहे तर चालणं आहे. भरवसा ठेवा."

त्यानं ठेवला. दुसऱ्या कुणी मांडीतूनच कापला असता, हे त्याला नर्सनं सांगितलं होतं. या डॉक्टरनं गुडघ्यासाठी अख्खी दुपार उभं राहून काढली होती. त्याची बायको हसीना तेव्हापासून प्रत्येक नमाजनंतर डॉक्टरचं नाव घेऊन दुआ मागायची. कापलेला पाय मेहुण्यानं, शफीकनं, कब्रस्तानात नेऊन पुरला.

हॉस्पिटलच्या खालच्या हॉलमध्ये, जिथं पेशंट नंबरची वाट बघत बसतात, तिथं भिंतभर एक चित्र होतं. डॉक्टर स्पेनला हाडांच्या डॉक्टरांच्या परिषदेला गेले होते. तिथल्या एका जुन्या चित्राची ही मोठी प्रत त्यांनी करून आणली होती. पलंगावर एक गोरा माणूस झोपलेला, लाल टोप्या घातलेले दोन वैद्य त्याच्यावर वाकलेले. त्याचा एक पाय गोरा आणि दुसरा काळा कुळकुळीत.

पहिल्यांदा ते पाहून गयासला हसूच आलं. "देख," तो शफीकला म्हणाला, "गोरे को अपना पाव लगा दिये."

गयासचा काळा रंग उन्हात रापलेल्या माणसाचा नव्हता. केस आखूड, घट्ट कुरळे, नाक रुंद. त्याचे आजोबा हैदराबादला निजामाच्या हबशी रिसाल्यात, आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या घोडदळात, होते. पोलीस ॲक्शननंतर रिसाला मोडला, तसे ते बहिणीच्या आसऱ्यानं औरंगाबादला आले आणि टांगा हाकू लागले. शाळेत गुरुजींनी एकदा सांगितलं होतं की हे शहर वसवणारा मलिक अंबर हबशी होता. तेव्हा सगळा वर्ग वळून गयासकडं बघायला लागला होता आणि तो ताठ बसला होता. पुढं कंपनीत त्याला 'वेस्ट इंडीज' म्हणायचे. तोही हसून घ्यायचा. हसून घेणं सोपं पडतं.

एक दिवस हॉल भरलेला होता, म्हणून त्याची चाकाची खुर्ची कुणीतरी थेट चित्राखाली लावली. एरवी समोरच्या बाकांमुळं चित्राचा खालचा भाग दिसायचा नाही, तो त्या दिवशी दिसला. पलंगाच्या पायथ्याशी, फरशीवर, एक काळा माणूस पडला होता. त्याचा एक पाय गुडघ्याखाली नव्हता. तिथं चिंधी गुंडाळलेली. तोंड उघडं आणि डोळेही उघडे. वैद्यांची, पलंगावरच्या माणसाची, मागं उभ्या असलेल्या बायांची, कुणाचीच नजर त्याच्याकडं नव्हती.

गयासनं तपासणीच्या खोलीत डॉक्टरांना विचारलं, "ते खाली पडलेलं कोण हाय?"

डॉक्टर खूश झाले. इतक्या वर्षांत कुणी चित्राबद्दल विचारलं नव्हतं. "फार जुनी दंतकथा आहे. दोघं भाऊ, वैद्य, कुणाकडून काही न घेता उपचार करायचे. मेल्यावर संत झाले. त्यांच्या देवळाच्या राखणदाराचा पाय सडला. तो झोपेत असताना दोघं संत आले. एक म्हणाला, नवा पाय आणायचा कुठून? दुसरा म्हणाला, आजच एक हबशी पुरलाय, त्याचा घेऊ. सकाळी राखणदार उठला तो दोन पायांवर!"

"म्हंजे हबशी मेलेला होता."

"हो, मेलेला."

"चित्रात तर डोळे उघडे हायेत त्याचे."

"चित्रकारांनी आपापल्या परीनं रंगवलं. कुठं तो मेलेला, कुठं जिवंत, कळवळणारा. कथाच ती."

"मग पुढं काय झालं त्याचं?"

"कुणाचं? राखणदाराचं?"

"नाय. ह्याचं."

"त्याचं काय होणार? लोकांनी कबर उकरून पाहिली, तर तिथं राखणदाराचा सडका पाय ठेवलेला. संपली गोष्ट."

त्या रात्री आणि पुढंही कितीदा तरी, नसलेल्या पायाची बोटं ठणकायला लागली की गयासला तो फरशीवरचा माणूस आठवायचा. दुसऱ्याचा सडका पाय उशाशी घेऊन तो माणूस किती काळ पडला असेल, असं काहीतरी डोक्यात यायचं.

नकली पाय तयार झाला. तो बसवणारा पुंजाराम चांगला माणूस होता, पण पायावरचं आवरण गुलाबीसर गोरं निघालं. "रंग ह्योच येतो, भाऊ," पुंजाराम ओशाळून म्हणाला. "पँट घातली की कोण बघतंय?"

डॉक्टरांनी मात्र बघितलं आणि टाळीच वाजवली. "अरे, हे तर चित्राच्या बरोब्बर उलट झालं! गयासभाई, पुढच्या महिन्यात हॉस्पिटलचा वर्धापनदिन आहे. या चित्राचा जिवंत देखावा करू. तुम्ही आधी खाली पडलेले, मग पाय लावून उठून चालत येणार. पेपरवाले येतील. लोकांना धीर येईल हो. आणि हां, कंपनीत तुम्हाला स्टोअरमध्ये बसून करायचं काम द्या, असं मी बोललोय."

दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच दमात सांगितल्या. त्यांच्या मनात त्या दोन्हींचा काही संबंध नसावा. गयासच्या मनात तो लागला.

घरी हसीनानं ऐकून घेतलं. "तो क्या हुआ? लेटनाच तो है. घुटना किसने बचाया?"

"मालूम है."

"फिर?"

दुसऱ्या दिवशी त्यानं डॉक्टरांना हो कळवलं.

तालमीच्या दिवशी हॉलमधले बाक बाजूला सरकवले होते. डॉक्टर आणि त्यांचे जोडीदार भूलतज्ज्ञ लाल टोप्या घालून उभे होते. एक गोरापान कंपाउंडर पलंगावर झोपला होता. गयासचा नकली पाय काढून कोपऱ्यातल्या खुर्चीवर ठेवला आणि त्याला पलंगापाशी झोपवलं. फरशी गार होती. वरून बुटांचे तळवे, पँटचे काठ, छताचा पंखा एवढंच दिसत होतं.

"मामू, जरा मुँह खोलो," तालमीचे फोटो काढायला आलेला फोटोवाला म्हणाला. "दर्द दिखाओ. हां, वैसाच."

त्यानं तोंड उघडलं. कुणीतरी हसलं. कुणीतरी टोपी सारखी केली. फोटोवाला पलंगावरच्या उजेडाबद्दल डॉक्टरांशी बोलू लागला आणि गयासच्या अंगावरून पलीकडं गेला, दारातली चप्पल ओलांडावी तसा.

"पाय द्या माझा," गयास म्हणाला.

"एक मिनट, मामू. एक और."

"गयासभाई, थोडंच राहिलंय," डॉक्टर वरून म्हणाले.

तो पालथा झाला आणि कोपरांवर सरपटत खुर्चीकडं निघाला. तेव्हा कुठं सगळ्यांनी त्याच्याकडं पाहिलं. पुंजाराम पुढं आला, पण गयासनं हातानंच त्याला थांबवलं. खुर्चीला धरून तो बसला, पट्टे आवळले, उभा राहिला.

"काय झालं? दुखलं का?" डॉक्टर टोपी काढत जवळ आले.

"डॉक्टर, माझा पाय कापला तवा तुम्ही मला इचारलं नाय. मी बेशुद्ध होतो. ते तुम्ही बरोबरच केलं, त्याबद्दल माझं काय म्हणणं नाय. आज मी शुद्धीत हाय."

एवढं बोलून तो रस्त्यावर आला आणि रिक्षा करून घरी गेला.

हसीना त्या दिवशी त्याच्यावर लई चिडली. आता कंपनीतलं स्टोअरचं काम मिळणार नाही म्हणून रडलीसुद्धा. वर्धापनदिन ठरल्याप्रमाणं झाला. नाटकात कामं करणाऱ्या कुणाला तरी काळा रंग फासून फरशीवर झोपवलं होतं. पेपरात फोटो आला. शेजारच्या द्वारकाबाई कौतुकानं पेपर घेऊन आल्या. "गयासभाई, तुमीच हाव ना हे?"

हसीनानं फोटो पाहिला. ओठ लाल रंगवून फुगवलेले, कुरळ्या केसांऐवजी डोक्यावर लोकरीची टोपी. तिचा चेहरा उतरला. "नाय हो, माई," ती म्हणाली. "हे कुणीच नाय." द्वारकाबाई गेल्यावर ती गयासजवळ येऊन बसली. काम गेल्याचं तिनं पुन्हा काढलं नाही.

पायाचं कापलेलं टोक नकली पायात घासून चिघळलं तेव्हा त्याला त्याच हॉस्पिटलात जावं लागलं. डॉक्टरांनी स्वतः जखम धुतली. त्यांचे हात पूर्वीसारखेच हलके होते.

"राग आहे का अजून?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"हाय."

"मी वाईट हेतूनं नव्हतं केलं."

"ते बी मला माहीत हाय. म्हणून तर जास्त तरास होतो."

डॉक्टरांनी पट्टी बांधली.

चित्र भिंतीवरून निघालं नाही. पावसाळ्यानंतर कंपनीनं गयासला गेटवर, पास तपासायला बसवलं. ते डॉक्टरांच्या शब्दानं की युनियनच्या, हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. पहिल्याच आठवड्यात शिफ्टच्या बसमधून उतरताना एका जुन्या जोडीदारानं हाक दिली, "काय वेस्ट इंडीज, कसं काय?"

"गयास म्हण," तो म्हणाला, आणि पासासाठी हात पुढं केला.