सोनं तोंडाशीच अडलं

ईस्टरआधीचे लांबलचक उपास लागायच्या आधीचा गुरुवार. अख्खं वॉर्सो सकाळपासून पोंचकी, म्हणजे जॅम भरलेले डोनट, चापत होतं. बेकऱ्यांबाहेर रांगा, ट्राममध्ये लोकांच्या मिशांना साखर. आणि बोग्ना मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेली. मान आखडलेली, पोटात नुसता काळा चहा.

काम सांगायला सोपं. केसाएवढी काचेची तार, तिच्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक भोकं. तारेचं टोक लिक्विड क्रिस्टलच्या थेंबात बुडवलं की तो थेंब आपला आपण भोकांतून चढतो. मग विजेचा दाब दिला की तारेतला उजेड बदलतो. त्यात सोन्याचे डोळ्याला न दिसणारे कण मिसळले तर कमी दाबात भागायला हवं. हवं! तीन वर्षं झाली, तार ढिम्म. सोनं घाला नाहीतर घालू नका, दाब लागतो तेवढाच.

आज दुपारी प्रोफेसर ह्रिनिएविच ठरवणार होते, सोन्याचा विषय ठेवायचा की गुंडाळायचा. गुंडाळला की बोग्नाची पीएचडी बाराच्या भावात.

"एक तरी खा गं," शेजारच्या टेबलावरचा क्सावेरी म्हणाला. "आज पोंचकी खाल्ली नाही तर वर्षभर नशीब फुटकं."

"आता अजून काय फुटायचं राहिलंय? आणि हात धू आधी. त्या चिकट बोटांनी माझ्या तारेला शिवलास तर बोटंच छाटीन."

"बापरे. बाईसाहेब तापल्या."

शेवटची तार भरून झाली. आता ओलं तोंड कापायचं. हा या लॅबचा नियम. बुडवलेल्या टोकाला बाहेरून चिकटा लागतो, म्हणून मोजायच्या आधी ते बोटभर कापून काचकचऱ्याच्या बरणीत टाकायचं. नवीन पोरगं आलं की प्रोफेसर स्वतः त्याला हे शिकवत. बोग्ना झोपेतसुद्धा कापायची.

आज ब्लेड लागेना. दोनदा सटकलं. बोग्नाचंही सटकलं.

"जा खड्ड्यात!" म्हणून तिनं बाहेरचा चिकटा पुसला आणि विजेच्या पट्ट्या थेट तोंडापाशीच लावल्या. दाब हळूहळू वाढवायला घेतला.

नेहमीच्या निम्म्यावर यायच्या आतच उजेड पालटला.

तिनं पुन्हा करून पाहिलं. तेच. पट्ट्या तारेच्या मध्यावर सरकवल्या, तर तिथं नेहमीचा दाब. परत तोंडाशी आणल्या, परत कमी.

"क्सावेरी, इकडे ये. काही बोलू नकोस, फक्त बघ."

त्यानं मायक्रोस्कोपमधून पाहिलं. तोंडाशी काळपट गठ्ठा, त्यापुढे जरा लालसर, त्यापुढे काहीच नाही.

"सोनं आत गेलंच नाही," तो म्हणाला. "दारातच गर्दी करून उभं आहे."

"आणि ते दार मी दर वेळी कापून बरणीत टाकत होते."

क्सावेरी हसायला गेला आणि तिचा चेहरा बघून हात धुवायला वळला.

प्रोफेसर आले. कोटही न काढता त्यांनी सगळं दोनदा बघितलं. मग चष्मा काढून पुसायला लागले.

"तोंडाशी दाब घटतो," ते म्हणाले. "विषय वाचवायला एवढा आकडा पुरतो, बोग्ना."

"पुरतो. पण उद्या कुणी हातभर तार भरली की ती ढिम्म. मग लोक आपल्याला विचारतील."

"मग काय म्हणतेस? गुंडाळू?"

बोग्नाला भांडायचं होतं. भांडायला अंगात काही शिल्लकच नव्हतं. "गुंडाळायचा तर गुंडाळा, प्रोफेसर. पण सोनं पुढे सरकत नाही, हे आधी लिहा. नाहीतर पुढचा येईल, तो पण कापत बसेल."

"कापायला मीच शिकवलं," प्रोफेसर हळूच म्हणाले. "सगळ्यांना. मोठ्या तोऱ्यात."

त्यांनी काचकचऱ्याची बरणी उचलून आतले तुकडे पाहिले.

"विषय चालू राहील," ते शेवटी म्हणाले. "सोनं का अडतं, तेच शोधायचं. तार गरम ठेवून भरून बघ. कणांवरचा लेप बदलून बघ. मागची तीन वर्षांची मापं धरू नकोस, ती सगळी सोनं नसलेल्या तारेची निघाली."

ते गेले. विषय वाचला होता. बोग्नाला नाचावंसं वाटायला हवं होतं. तिनं दिवा बंद केला आणि खुर्चीतच बसून राहिली.

"घरी जातेस ना?" क्सावेरीनं विचारलं.

"जाते. उठता आलं की."